काळ ओलांडणारी प्रीती आणि राजारामपुरीची कादंबरी

तरुण वाचकासाठी लिहिलेली काळप्रवासाची प्रेमकादंबरी, म्हणजे जिच्यातील नायक किंवा नायिका आपल्या वर्तमानातून उचलली जाऊन दुसऱ्याच शतकात जाऊन पडते आणि तिथल्या धोक्यांतून वाट काढता काढता प्रेमात सापडते अशी कथा, मराठी वाचकाकडे अलीकडे इंग्रजीतून आली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. यंत्र, जनुके, कालमापक घड्याळे अशा साधनांपुरती ती समजूत बरोबर आहे. परंतु आजच्या मनाला दूरच्या काळात नेऊन तिथे त्याला प्रेम करायला लावणे हा उद्योग मराठी कादंबरीने विसाव्या शतकाच्या मध्यावर फार मोठ्या प्रमाणावर केला, आणि त्यातील कितीतरी महत्त्वाचे काम कोल्हापूर शहरात व त्याच्या जिल्ह्यातल्या माणसांच्या हातून झाले. या कामाचा इतिहास आजवर बहुधा लेखकांच्या बाजूने सांगितला गेला आहे. तो त्या कादंबऱ्या वाचणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या वाचकाच्या बाजूनेही पाहायला हवा, कारण या पुस्तकांचे आयुष्य समीक्षकांच्या मतापेक्षा त्या वाचकाच्या मताने ठरले.

कोल्हापुरातील राजारामपुरी ही वसाहत या इतिहासाच्या मध्यभागी येते. शाहू महाराजांचे निधन ६ मे १९२२ रोजी झाले आणि त्यानंतर गादीवर आलेल्या राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १९२२ ते १९४० या काळात, जुन्या पेठांच्या पूर्वेला ही नवी वस्ती आखण्यात आली व तिला त्यांचेच नाव मिळाले. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ यांसारख्या जुन्या भागांत बोळ, तालमी आणि वाडे यांच्या गुंत्यातून पत्ता शोधावा लागतो. राजारामपुरीत मात्र सरळ आखलेल्या गल्ल्यांना पहिली, दुसरी, तिसरी असे क्रमांक आहेत आणि तेवढ्यावर घर सापडते. विष्णु सखाराम खांडेकर याच राजारामपुरीत राहिले. सांगलीत १८९८ साली जन्मलेले खांडेकर १९२० पासून कोकणातल्या शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. मास्टर विनायक यांच्या हंस पिक्चर्स या चित्रपटसंस्थेसाठी त्यांनी ‘छाया’ची कथा लिहिली, तो चित्रपट १९३६ साली आला, आणि चित्रपटलेखनाच्या निमित्ताने १९३८ साली ते शिरोडे सोडून कोल्हापुरास आले. २ सप्टेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत कोल्हापूर हेच त्यांचे गाव होते.

खांडेकर येण्याच्या आधीच कोल्हापुरात प्रेमकादंबरीचा एक मोठा कारागीर काम करीत होता. राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असलेले नारायण सीताराम फडके यांनी ‘जादूगार’, ‘दौलत’, ‘अटकेपार’ अशा कादंबऱ्यांतून कॉलेजात शिकणाऱ्या तरुण-तरुणींना नायक-नायिका केले आणि ‘प्रतिभासाधन’ या १९३१ सालच्या ग्रंथात गोष्ट कशी रचावी, उत्कंठा कशी वाढवावी, पात्रे कशी उभी करावीत याचे शास्त्रच मांडले. मराठीत त्या वेळी बालवाङ्मय होते, कुमारांसाठी लिहिलेली साहसकथा होती, पण शाळा सुटून कॉलेजात पाऊल टाकलेल्या वयासाठी वेगळे कपाट कुठल्याही वाचनालयात नव्हते. ती जागा फडके आणि खांडेकर यांच्या कादंबऱ्यांनी भरून काढली. फडके कलेचे प्रयोजन रंजनात पाहत होते, खांडेकर जीवनाच्या उन्नतीत पाहत होते, आणि ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या वादाने मराठी साहित्यविश्व बराच काळ ढवळून निघाले. तरुण वाचकाने मात्र या वादात बाजू घेतली नाही. त्याने दोघांनाही वाचले, आणि त्यात त्याचा समंजसपणा दिसतो, कारण प्रेमकथेकडून त्याला दोन्ही गोष्टी हव्या होत्या: पान उलटायला लावणारी गोष्ट आणि आपल्या मनातल्या गोंधळाला कुणीतरी दिलेले नाव.

काळ ओलांडण्याची कल्पना मुळात या समाजाला परकी नव्हती. भागवत पुराणाच्या नवव्या स्कंधात कुशस्थलीचा राजा ककुद्मी आणि त्याची मुलगी रेवती यांची कथा आहे. मुलीसाठी वर कोणता हे विचारायला राजा तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथे गंधर्वांचे गायन चालू होते म्हणून तो क्षणभर थांबला. गायन संपल्यावर त्याने मनातल्या वरांची नावे सांगितली, तेव्हा ब्रह्मदेवाने हसून सांगितले की दरम्यान पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली आहेत आणि त्या वरांचे वंशसुद्धा उरलेले नाहीत. चतुर्युग म्हणजे कृत, त्रेता, द्वापर आणि कली या चार युगांचे एक आवर्तन. राजा परत आला तेव्हा त्याची नगरी बदललेली होती, आणि रेवतीचा विवाह बलरामाशी झाला. काळप्रवासाच्या प्रेमकथेला जे जे लागते ते सारे या कथेत आहे: दोन ठिकाणी वेगवेगळ्या गतीने जाणारा काळ, मागे राहून नष्ट झालेले ओळखीचे जग आणि परक्या युगातला जोडीदार. नाही ते एकच, आणि ते म्हणजे रेवतीचे मन. आपल्या सख्या, आपली भाषा, आपले घर सारे एका गायनाच्या अवधीत गेले याचे तिला काय वाटले, हे पुराणकार विचारत नाही. तिच्यावर कथेतील सर्वात मोठा आघात होतो आणि ती कथेत एक शब्दही बोलत नाही.

पौराणिक स्त्रीच्या या मौनाला उत्तर देणारी कादंबरी राजारामपुरीतील लेखकाने लिहिली. ‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली, १९६० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ सालासाठीचे ज्ञानपीठ तिच्या लेखकाला मिळाले, जे मराठीला मिळालेले पहिले ज्ञानपीठ होय. महाभारताच्या आदिपर्वातील मूळ कथेत राजा ययाती आपली राणी देवयानी हिचे वडील शुक्राचार्य यांच्या शापाने अकाली म्हातारा होतो, मुलांकडे तारुण्य मागतो, धाकटा पुरू ते देतो, आणि राजा हजार वर्षे भोग घेतल्यावर वासना भोगाने शमत नाही हे ओळखून तारुण्य परत करतो. म्हणजे बाप आणि मुलगा यांच्यात वयाची अदलाबदल होते, एकाचे पुढचे आयुष्य दुसरा आधीच खर्चून बसतो. यंत्राशिवाय केलेली काळाची ही उलथापालथ आधुनिक कल्पनाकथेतील कोणत्याही युक्तीइतकी धाडसी आहे.

खांडेकरांनी या चौकटीत जे केले ते जवळून पाहण्यासारखे आहे. त्यांनी तटस्थ निवेदक काढून टाकला आणि ययाती, देवयानी व शर्मिष्ठा या तिघांना स्वतःची गोष्ट स्वतः सांगायला लावली. मूळ कथेत असुरांचा राजा वृषपर्वा याची मुलगी शर्मिष्ठा देवयानीची दासी होते, राजाशी गुप्तपणे विवाह करते आणि पुरूला जन्म देते, इतकेच कळते. कादंबरीत ती आपल्या खोलीतला एकांत, आपली लाज, आपली माया सांगते, आणि वाचणाऱ्या मुलीला ती वृषपर्व्याची कन्या न वाटता आपल्याच वयाची, अडकलेली एक मुलगी वाटते. देवयानी दुष्ट आहे असे ठरवून टाकलेला वाचक तिचे निवेदन वाचताना थबकतो, कारण वडिलांचा शिष्य कच याने नाकारलेल्या प्रेमाची जखम तिच्या अहंकाराखाली आहे हे त्याला दिसते. कच मूळ कथेत संजीवनी विद्या, म्हणजे मेलेल्याला उठवण्याची विद्या, घेऊन स्वर्गात जातो आणि या कथेपुरता संपतो. खांडेकरांनी त्याला परत आणले, संयमाचा आणि निःस्वार्थ प्रेमाचा आदर्श म्हणून शेवटपर्यंत ठेवले. हा बदल लेखकाने लपवला नाही. स्वातंत्र्यानंतरच्या समाजात वाढत चाललेली सुखलोलुपता हीच आपल्याला ययातीत दिसली, असे त्यांनी उघड सांगितले होते. हस्तिनापूर हे केवळ स्थळ होते. प्रवास करून तिथे गेलेला माणूस १९५० च्या दशकातला होता.

याच ठिकाणी गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळता येणार नाही. ऐतिहासिक किंवा पौराणिक काळातल्या पात्राने त्या काळात शक्य नसलेला विचार करावा, त्या काळात नसलेल्या भाषेत बोलावे, याला कालविपर्यास म्हणतात. खांडेकरांची पात्रे सुभाषितांत बोलतात, प्रत्येक भावनेला उपमा शोधतात, आणि प्राचीन राजा एखाद्या वक्तृत्वसभेतल्या पदवीधरासारखा स्वतःचे विश्लेषण करतो, हे समीक्षकांनी वारंवार दाखवले आणि ते खरे आहे. कच तर काही ठिकाणी माणूस न राहता प्रवचन होतो. पण या दोषाचा दुसरा पैलू असा की हीच वाक्ये तरुणांनी पेन्सिलीने अधोरेखित केली. सार्वजनिक वाचनालयातली अशी प्रत हातात घेतली की तिचा इतिहास डोळ्यांनी वाचता येतो: जाड पुठ्ठ्याची बांधणी इतकी घट्ट शिवलेली की आतल्या कडेची अक्षरे शिवणीत गेलेली, शेवटच्या कागदावर तारखांचे शिक्के एकमेकांवर चढलेले, आणि समासात एका वाचकाने लिहिलेल्या ‘खरे आहे’ला दुसऱ्या हस्ताक्षरात दिलेला नकार. कोल्हापुरात ही वाचनाची सोय जुनी आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० साली नेटिव्ह लायब्ररी म्हणून सुरू झाले. विकत घेण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्याला अनामत आणि मासिक वर्गणी भरून घरी नेता येणारी कादंबरी हीच आपली वाटे. समासातील ते शेरे म्हणजे त्या पुस्तकांवरची पहिली, कुणी न मागितलेली समीक्षा आहे, आणि तिला साहित्याच्या इतिहासात फारशी जागा मिळाली नाही हे खेदाचे आहे.

ही आवड मराठीपुरती राहिली नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. का. श्री. श्री. यांच्या तमिळ आणि गोपाळराव विद्वांस यांच्या गुजराती अनुवादांतून खांडेकर त्या भाषांतील वाचकांचे जवळजवळ घरचे लेखक झाले.

कोल्हापूर जिल्ह्यातच, चंदगड तालुक्यातल्या कोवाडच्या रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली आली आणि काळ ओलांडणाऱ्या प्रेमकथेचा आणखी एक मार्ग तिने मोकळा केला. थोरले माधवराव पेशवे आणि रमाबाई यांचे सहजीवन हा तिचा गाभा आहे. इथे वाचक अशा जागी उभा असतो जिथे पात्रे कधीच पोहोचू शकत नाहीत: १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, थेऊरला माधवराव क्षयाने जाणार आणि रमाबाई सती जाणार हे शाळेच्या इतिहासात शिकलेल्या वाचकाला ठाऊक असते. दोघांमधला लटका रुसवा, मोहिमेवरून परतण्याची वाट पाहणे, एखादे साधे आश्वासन यांना या ज्ञानामुळे असह्य वजन येते. भविष्यातून आलेला प्रवासी ज्या वेदनेने भूतकाळातल्या माणसांकडे पाहील त्याच वेदनेने हा वाचक पाहतो. फरक एवढाच की तो कुणालाही सावध करू शकत नाही. ‘स्वामी’ वाचून रडलेल्या पिढ्यांना भाबडे ठरवण्याची एक रीत मधल्या काळात पडली होती. ती रीत अन्यायाची होती, कारण त्या रडण्यामागे तारखेचे ज्ञान होते आणि त्या ज्ञानाला उत्तर म्हणून आलेली सहानुभूती होती. पेशव्यांच्या वाड्यातील दांपत्य पुष्कळदा विसाव्या शतकातील मध्यमवर्गीय पुणेरी घरातले वाटते, हा दोष मात्र तरुण वाचकालाही मान्य करावाच लागतो.

आजऱ्याला १९४० साली जन्मलेले आणि कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात शिक्षक असलेले शिवाजी सावंत यांनी ‘मृत्युंजय’ प्रसिद्ध केली तेव्हा, १९६७ साली, ते स्वतः तरुण म्हणण्याच्याच वयाचे होते. कर्णासह कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा अनेक मुखांनी सांगितलेली ही कथा खांडेकरांच्या तीन निवेदकांच्या वाटेने पुढे गेली, आणि महाभारत जिच्याबद्दल जवळजवळ गप्प आहे त्या कर्णपत्नीला तिने संपूर्ण अंतःकरण दिले. त्याच वर्षी इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले, ज्यात महाभारतातील माणसे त्यांच्या समाजाच्या, कुळाच्या आणि स्वार्थाच्या चौकटीत कठोरपणे तपासली आहेत. आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून चाललेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून मूळ पाठ ठरवण्याचे, काम नुकतेच १९६६ साली पुरे झाले होते. भूतकाळ होता तसा पाहावा की त्यात आपले मन घेऊन जावे, हे दोन प्रश्न मराठीत एकाच वर्षी दोन पुस्तकांच्या रूपाने समोरासमोर आले. विद्वत्तेच्या तराजूत ‘युगान्त’ जड आहे यात शंका नाही. पण ‘मृत्युंजय’मुळे महाभारताकडे वळलेल्या कित्येक वाचकांना पुढे ‘युगान्त’ हाती घ्यावेसे वाटले असेल, तर तो उलट्या क्रमाने आलेला उपकार मानायला हवा. खांडेकरांची ‘अमृतवेल’ही १९६७ सालचीच. तिच्यात पुराण नाही, राजवाडे नाहीत. प्रियकराच्या मृत्यूने कोसळलेली नंदा पुन्हा जगायला कशी शिकते याची ती गोष्ट आहे, आणि कॉलेजच्या वयात ती वाचण्याची प्रथा पुढेही टिकून राहिली.

भावना अशी समृद्ध होत असताना काळाची यंत्रणा, म्हणजे प्रवास कसा होतो याचे कारण, या सर्व कादंबऱ्यांत गृहीतच धरलेले होते. ती बाजू उचलली कोल्हापुरातच १९ जुलै १९३८ रोजी जन्मलेल्या जयंत नारळीकर यांनी. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. कृष्णविवर म्हणजे ज्याच्या गुरुत्वाकर्षणातून प्रकाशही सुटत नाही अशी वस्तू. तिच्या जवळ गेलेल्या प्रवाशाचे घड्याळ दूर थांबलेल्या माणसाच्या घड्याळापेक्षा हळू चालते, त्यामुळे परतल्यावर त्याच्यापेक्षा मागे राहिलेले लोक अधिक वयस्क झालेले असतात. ब्रह्मलोकातून परतलेल्या ककुद्मीला जे घडले त्याला सापेक्षतावादात असे उत्तर मिळते, हा योगायोग विज्ञान शिकणाऱ्या मराठी मुलाच्या मनात घर करून राहावा इतका सुंदर आहे. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात जागे होतात जिथे १७६१ साली पानिपतावर विश्वासराव वाचले आणि मराठे जिंकले; परत आल्यावर त्यांच्या खिशात त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचे फाटके पान निघते, ज्यावर गोळी विश्वासरावांना चाटून गेल्याचे छापलेले आहे. कथेचे सारे सामर्थ्य त्या पानात आहे. मात्र गंगाधरपंतांना त्या जगात कुणी प्रिय माणूस भेटत नाही. तिथे त्यांना ग्रंथालय भेटते, आणि इतिहासकाराला ते पुरेसे आहे. अठरा वर्षांच्या वाचकाला ते पुरत नाही.

ज्या वाचकाने एका हाताने ‘ययाति’ आणि दुसऱ्या हाताने नारळीकर वाचले, त्याच्यापुढे आजची परदेशी तरुणांची काळप्रवासकादंबरी ठेवली तर तो कोणत्या कसोट्या लावतो, हे यावरून समजते. जर्मन लेखिका कर्स्टिन गियर यांची ‘रुबिनरोट’ ही २००९ सालची कादंबरी या प्रकारातली अतिशय लोकप्रिय रचना आहे. लंडनमधल्या सोळा वर्षांच्या ग्वेंडोलिनला घराण्यात उतरत आलेले जनुक मागच्या शतकांत खेचून नेते, क्रोनोग्राफ नावाच्या यंत्राने त्या उड्या ताब्यात ठेवल्या जातात, आणि गिडियन नावाचा तिच्यासारखाच प्रवासी तरुण तिचा सोबती होतो. नियम नीट बांधलेले आहेत, विनोद ताजा आहे, नायिका निर्मळ मनाची आहे. तरीही प्रेम फार लवकर जमते, आणि त्याचे कारण घाईपेक्षा रचनेत आहे: गिडियन आणि ग्वेंडोलिन दोघेही एकाच वर्तमानातले आहेत, त्यामुळे अठरावे शतक त्यांना पोशाख आणि धोका पुरवते, पण त्यांच्या प्रेमासमोर काळाची भिंत उभी करीत नाही. शर्मिष्ठेच्या एकांतात किंवा रमाबाईंच्या वाट पाहण्यात जी भिंत आहे ती इथे नाही. या मालिकेच्या दुसऱ्या भागात मात्र, २०१० सालच्या ‘साफिरब्लाऊ’मध्ये, ग्वेंडोलिन १९४८ च्या लंडनमध्ये जाते आणि लहानपणी गमावलेल्या आपल्या आजोबांना त्यांच्या तारुण्यात भेटते. समोरचा हसरा तरुण तिला ओळखत नाही, ती त्याला ओळखते, त्याच्या पुढच्या आयुष्यातले कितीतरी तिला माहीत आहे आणि त्यातले किती सांगावे हे तिला ठरवावे लागते. ‘स्वामी’ने घडवलेल्या मराठी वाचकाला संपूर्ण मालिकेतले सर्वात खरे प्रेम याच भेटीत सापडते, आणि प्रियकर-प्रेयसीच्या प्रसंगांपेक्षा आजोबा-नातीची ही पाने तो परत परत उघडतो.